दुखवट्यातला नाच

पापांनी न्हाणीघराचं दार लाथेनं फोडलं. एकाच लाथेत. ज्या पायांचा ठेका ऐकायला माद्रिदहून माणसं येत, त्यातल्या उजव्या पायाची टाच कडीच्या बरोबर वर बसली आणि दार आत कोसळलं.

माझा धाकटा भाऊ एलियास फरशीवर पडला होता. ओठ जांभळे झालेले, डोळे अर्धवट उघडे. दंडाला आईच्या जुन्या मोज्याची गाठ मारलेली होती आणि सुई अजून हातातच होती.

"चेलो, पाणी!" पापा ओरडले.

मी बादली उचलून त्याच्या तोंडावर ओतली. पापांनी त्याला बगलेत हात घालून उभं केलं आणि त्या अरुंद जागेत त्याला चालवायला लागले. भिंतीपासून भिंतीपर्यंत आणि परत. एलियासचे पाय नुसते फरफटत होते.

"श्वास घे. माझ्याबरोबर घे. घे म्हणतो ना!"

पापा त्याच्या पाठीवर तळहातानं ठेका देत होते, नाच शिकवताना द्यायचे तसा. किती वेळ हे चाललं कोण जाणे. शेवटी एलियासच्या घशातून घरघर आली, तो ओकला आणि रडायला लागला. पापा त्याला धरून खाली बसले. ओल्या फरशीवर, काळ्या कपड्यांत. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आत्याला सांगू नकोस."

पण आत्या दारातच उभी होती.

ही गोष्ट सेव्हिल शहराच्या कडेच्या वसाहतीतली. मी तेव्हा विशीच्या आतबाहेर होते. आम्ही हितानो, म्हणजे स्पेनमधले जिप्सी. माझे वडील बार्तोलो वार्गास फ्लामेंको नाचायचे, त्यांचे वडील नाचायचे, आणि आमचं सगळं घरच नाचावर उभं होतं. काका गिटार वाजवत, आई गात असे, चुलतभाऊ टाळ्यांचा ठेका धरत, मी आणि एलियास पापांच्या मागे नाचत असू. ताफ्यात कुणी काय करायचं, कुणी कुणाशी लग्न करायचं, कुणाचं भांडण कसं मिटवायचं, सगळं पापा ठरवत. वसाहतीतले इतर लोकही भांडणं घेऊन आमच्याकडे येत. पापा हातातली काठी जमिनीवर टेकवून ऐकत आणि मग एक वाक्य बोलत. त्यावर दुसरं वाक्य कुणी बोलत नसे.

आदल्या हिवाळ्यात आई गेली आणि घर बंद पडलं. आमच्यात दुखवटा म्हणजे साधी गोष्ट नाही. आत्यानं रेडिओची वायर काढून ठेवली, टीव्हीवर चादर टाकली. काळ्याशिवाय दुसरा रंग नाही, मांस नाही, लग्नकार्याला जाणं नाही. गाणं आणि नाच तर दूरच. आत्या भांडीसुद्धा आवाज न करता घासायची. वसंतात एक नाट्यगृहवाला मोठं कंत्राट घेऊन आला. पापांनी त्याला कॉफी दिली, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझी बायको गेलीये. वर्ष उलटल्यावर या." तो म्हणाला, वर्षभर कोण थांबेल? पापांनी त्याला दारापर्यंत पोहोचवलं. चुलतभाऊ एकेक करून कामं शोधत पांगले. कुणी बांधकामावर गेला, कुणी बाजारात कपडे विकायला बसला.

एलियासला ते नाद नसलेलं घर सोसवलं नाही असं मला वाटायचं. खरं तर त्याचं आधीच सुरू झालं होतं. त्या वर्षांत आमच्या वसाहतीत हेरॉइन आलं होतं आणि प्रत्येक जिन्यात एखादा तरी मुलगा भिंतीला टेकून बसलेला दिसायचा. आई होती तोवर तिच्या धाकानं तो लपवून होता. आई गेल्यावर लपवायचंही त्यानं सोडलं.

एलियास आमच्या सगळ्यांत चांगला नाचायचा. हे मी बहीण म्हणून सांगत नाही. पापांच्या नाचात ताकद होती, माझ्या नाचात मेहनत होती. एलियास नुसता हात वर उचलायचा आणि बघणाऱ्यांच्या तोंडून आपोआप आवाज निघायचा. पापा त्याचं तोंडावर कधी कौतुक करत नसत. पण तो नाचायला उभा राहिला की ते पडद्यामागे येऊन उभे राहत आणि त्यांचे ओठ हलत असत.

न्हाणीघरातल्या प्रकारानंतर डॉक्टर येऊन गेले. त्यांनी गोळ्या दिल्या. म्हणाले, "गोळ्यांनी होणार नाही. त्याला इथून लांब कुठंतरी न्या. जिथं ते मिळणार नाही आणि त्याच्यावर नजर ठेवायला माणसं असतील अशा ठिकाणी."

"कुठं?" पापांनी विचारलं.

डॉक्टरांनी बॅग बंद केली. "तुमच्या नात्यात कुणाचं शेत वगैरे?"

आमच्या नात्यात कुणाचं शेत नव्हतं. पापांनी त्याला मागच्या खोलीत कोंडलं आणि स्वतः दाराशी खुर्ची टाकून बसले.

पहिले दिवस एलियास शिव्या देत होता, मग विनवण्या करायला लागला. मी जेवणाचं ताट घेऊन जायचे तेव्हा तो दाराच्या फटीशी तोंड लावून बोलत असायचा.

"पापा, हाडं मोडतायत माझी. खरंच मोडतायत."

"मोडू देत."

"एकदाच. शेवटचं. मग तुम्ही म्हणाल ते करीन."

"नाही."

"आई असती तर तिनं उघडलं असतं."

पापांनी कपाळ दाराला टेकवलं आणि तसेच बसून राहिले. आतून एलियासही बहुधा तसाच टेकून बसला असावा, कारण त्याचा श्वास अगदी जवळून ऐकू येत होता.

एका दुपारी पापांचा डोळा लागला आणि एलियासनं खिडकीचा गज वाकवून दुसऱ्या मजल्यावरून उडी मारली. आठवड्यानं परत आला तेव्हा त्याच्या पायात एकच बूट होता. सरळ आईच्या पलंगावर जाऊन झोपला. पापांनी त्याचे पाय कोमट पाण्यानं धुतले. मी दारातून बघत होते. नाचणाऱ्याचे पाय, आणि त्यातही सुया टोचल्याच्या खुणा. पापा एकेका खुणेवरून अंगठा फिरवत होते.

त्याच संध्याकाळी आत्या स्वयंपाकघरात येऊन पापांसमोर बसली. पिलारआत्या पापांपेक्षा मोठी, विधवा, आणि घरात पापांशी आवाज चढवून बोलणारी एकटीच. एलियासला तिनंच लहानाचं मोठं केलं होतं, कारण आई बहुतेक वेळ दौऱ्यावर असायची.

"होआकिन सिल्वाशी बोलणं झालंय माझं," ती म्हणाली.

पापांनी मान वर केली. होआकिन सिल्वाचं नाव आमच्या घरात निघत नसे. वसाहतीत येणारा माल त्याच्या हातून यायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. तरुणपणी तो आमच्याच ताफ्यात टाळ्या धरायचा. पापांनी त्याला सगळ्यांदेखत काढून टाकलं होतं, टाळी उशिरा पडते म्हणून.

"तुला कुणी सांगितलं त्याच्याशी बोलायला?"

"तुझ्या पोराच्या ओठांनी सांगितलं. जांभळे झाले होते ना, त्यांनी." आत्याचा आवाज चढला नव्हता, तरी मी हातातलं भांडं खाली ठेवलं. "त्याचं डोंगरात शेत आहे. त्याचा स्वतःचा धाकटा भाऊ यातून तिथंच बाहेर पडला. तो बोलायला तयार आहे. रविवारी त्याच्या नातवाचा बाप्तिस्मा आहे, तेव्हा ये म्हणतोय."

"दुखवट्यात मी कुणाच्या समारंभाला जात नाही."

"जेवायला बसू नकोस. अंगणात उभा राहा, बोल आणि परत ये." मग तिनं माझ्याकडे बोट केलं. "चेलोला पण घेऊन ये म्हणालाय."

पापांनी माझ्याकडे पाहिलं. मग हातातल्या काठीकडे पाहिलं.

रविवारी आत्यानं माझे केस स्वतः विंचरले. काळाच पोशाख होता, पण इस्त्री केलेला. मग तिनं कपाटातून आईची पोवळ्याची कर्णफुलं काढली आणि माझ्या कानांत घालायला लागली. दुखवट्यात कुणी दागिना घालत नाही. तेव्हा मला कळलं.

"आत्या, कुणासाठी?"

"त्याचा मुलगा आहे, बेन्हामिन. वाईट नाही. धंद्यात नाही तो, घोड्यांचं बघतो." कर्णफूल भोकात जाईना. "मला शिव्या दे हवं तर. पण एलियासला एकदा बघून ये आणि मग दे."

मी बघून आले. एलियास भिंतीकडे तोंड करून झोपला होता. उन्हाळ्यात त्याच्या अंगावर दोन रजया होत्या आणि तरी तो कुडकुडत होता. मी परत येऊन दुसरा कान पुढे केला.

वाटेत पापा माझ्या पुढे चालत होते, आत्या मागून येत होती. कर्णफुलं त्यांनी पाहिली होती, तरी विषय काढला नाही. मी त्यांची पाठ बघत चालले होते आणि मनात एकच गोष्ट येत होती. हे मला विचारणारसुद्धा नाहीत. सगळं ठरवून झालंय.

होआकिनचं घर वसाहतीच्या बाहेर होतं. पांढऱ्या भिंती, मोठं अंगण, आणि अंगणभर माणसं. लांबच लांब टेबलांवर मासे, मटण, वाइन. गिटार वाजत होती. आम्ही तिघं काळ्या कपड्यांत फाटकातून आत शिरलो तशी गिटार थांबली. एका कोपऱ्यात होआकिनची म्हातारी आई खुर्चीत बसली होती, तिच्या मांडीवर पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेलं बाळ होतं.

होआकिन उठून समोर आला. जाड, घामेजलेला, चेहऱ्यावर खराखुरा आनंद.

"बार्तोलो वार्गास माझ्या दारात. हा दिवस मी विसरणार नाही. बसा."

"बसायला आलो नाही, होआकिन. मागायला आलोय."

एवढं सगळ्यांना ऐकू जाईल असं ते बोलले. पापांना कुणाकडे काही मागताना त्या अंगणातल्या कुणीच पाहिलं नव्हतं, मीही नाही.

"माग."

"माझ्या मुलाला माल विकू नका. तूही नाही आणि तुझी माणसंही नाहीत."

होआकिननं दाढी खाजवली. "तेवढं मी करीन. उद्यापासून. पण त्यानं काय होणार? तो नदीपलीकडे जाईल, दुसऱ्या शहरात जाईल. तुला कळतंय हे." तो जवळ आला, आवाज खाली आणला. त्या आवाजात खोटेपणा नव्हता, हे मला आजही सांगावंसं वाटतं. "माझ्या शेताच्या जवळपास गाव नाही. घोडे आहेत, चार दणकट माणसं आहेत. माझा भाऊ तिथं वर्षभर राहिला. आज त्याला तीन पोरं आहेत. एलियास वाचेल, बार्तोलो. मी वाचवीन त्याला."

"मग वाचव."

"परक्यासाठी मी एवढं का करू? माणूस आपल्यांसाठी करतो." त्यानं हात वळवून मागे उभ्या असलेल्या मुलाकडे बोट दाखवलं. उंच, कानांपर्यंत लाल झालेला मुलगा होता तो, जमिनीकडे बघत होता. "माझ्याकडे सगळं आहे. पण चांगल्या घरातलं कुणी माझ्या घरात मुलगी देत नाही. माझ्या नातवंडांच्या अंगात वार्गासांचं रक्त असावं, एवढीच इच्छा आहे. चेलो बेन्हामिनला दे. मग एलियास माझा मुलगा."

पापा उभेच राहिले. दोन्ही हात काठीवर. त्यांच्या मानेची शीर उडताना मला दिसत होती. आत्या डोळे मिटून पुटपुटत होती. बाळ रडायला लागलं, म्हातारीनं ते दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं.

मग पापा माझ्याकडे वळले.

"चेलो, तू काय म्हणतेस?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला काही विचारलं होतं. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि मला काहीच वाचता आलं नाही. मला दोन रजयांखालचा एलियास दिसत होता. लहानपणी आम्ही एका पलंगावर झोपायचो आणि तो झोपेत माझ्या पाठीवर बोटांनी ठेका वाजवायचा, ते आठवत होतं. बेन्हामिनकडे मी पाहिलंही नाही.

"हो," मी म्हटलं. "मी जाईन, पापा."

आत्याच्या तोंडून हुंदका फुटला. होआकिननं हात पसरले, मिठी मारायला.

पापांनी मिठी घेतली नाही. काठी माझ्या हातात दिली. कोट काढला, नीट घडी केली आणि आत्याच्या हातावर ठेवला. मग टेबलांच्या मधल्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहिले.

"होआकिन," ते म्हणाले, "टाळ्या धर."

"काय?"

"मुलगी मिळणार नाही. तिच्याऐवजी हे घे. बार्तोलो वार्गास दुखवटा मोडून तुझ्या अंगणात नाचतोय, तुझ्या टाळ्यांवर. माझ्याकडे याहून मोठं काही नाही. घेतोस का?"

"बार्तोलो, नको!" आत्या किंचाळली. "तुझ्या बायकोला जाऊन वर्ष पण झालं नाही!"

होआकिन गोंधळला. त्यानं भोवती पाहिलं. सगळं अंगण त्याच्याकडे बघत होतं. ज्या माणसानं त्याला टाळीसाठी हाकललं होतं, तोच आज सगळ्यांसमोर त्याची टाळी मागत होता. त्याच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मी सांगू शकत नाही. त्यानं हात वर केले आणि टाळी दिली.

बाप्तिस्म्याला लोक बुलेरिया नाचतात, उडती, हसती. पापांनी सेगिरिया सुरू केली. ती आमच्याकडे मयताच्या दुःखातून आलेली गोष्ट, जड आणि अडखळत चालणारी. तिच्यात कुणी हसत नाही. गिटारवाल्यानं तारांना हात लावला नाही. नुसत्या होआकिनच्या टाळ्या आणि पापांचे पाय. अंगणाची फरशी दगडी होती. प्रत्येक घाव जमिनीच्या आत जाऊन परत वर येत असल्यासारखा वाटत होता.

मी त्यांना शेकडो वेळा नाचताना पाहिलं होतं. असं कधी नाही. ते कुणाला दाखवायला नाचत नव्हते. हात छातीशी यायचे, जणू काही धरलंय, आणि मग हळूहळू उघडायचे. पुन्हा धरायचे, पुन्हा उघडायचे. चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं, घाम की काय, कळत नव्हतं. मध्येच ते थांबले. अगदी स्थिर. होआकिनची टाळी एकटीच पडत राहिली आणि मला जाणवलं की तोही रडतोय. मग पापांनी शेवटचा पाय मारला आणि डोकं खाली घातलं.

कुणी वाहवा केली नाही.

म्हातारी खुर्चीतून उठली. दोघींनी तिला धरलं होतं. ती होआकिनजवळ आली आणि तिनं त्याच्या अजून जोडलेल्या हातांवर फटका मारला.

"विधुराला नाचवलंस माझ्या घरात?"

"आई, तो स्वतःच—"

"गप्प. टाळ्या कुणी दिल्या?" ती पापांकडे वळली. "जा, बाळा. मुलीला घेऊन घरी जा. या घरातून तुझ्याकडे पुन्हा कुणी काही मागणार नाही."

होआकिननं बाहीनं तोंड पुसलं. "मी टाळ्या दिल्या म्हणजे घेतलं. माझी माणसं एलियासला माल विकणार नाहीत, शब्द देतो." मग पापांच्या नजरेला नजर न देता म्हणाला, "शेत मात्र घरच्यांसाठी आहे."

"कळलं," पापा म्हणाले.

परत येताना आत्या आमच्या पुढे झपाझप निघून गेली. पापा पाय ओढत चालत होते आणि मी त्यांचा दंड धरला होता. मला वाटत होतं, त्यांनी दोघांनाही वाचवलं. मला घरी आणलं आणि एलियाससाठी शब्द मिळवला. मी मनातल्या मनात त्यांची दृष्ट काढत होते.

एलियास पायरीवर बसला होता, खांद्यावर रजई घेऊन. ऊन अजून होतं.

"काय झालं, पापा? कुठं गेला होता?"

पापा त्याच्यासमोर उभे राहिले. त्याच्या घामट केसांत हात घातला आणि बराच वेळ काढला नाही.

"काही नाही," ते म्हणाले. "जेवलास?"

होआकिननं शब्द पाळला. वसाहतीत एलियासला कुणी दाराशी उभं करेना. काही आठवडे तो घरातच राहिला. अंगावर थोडं मांस चढलं. सकाळी माझ्याबरोबर बटाटे सोलायला बसायचा, चुलतभावांच्या नकला करून आत्याला हसवायचा. एकदा त्याची बोटं टेबलावर ठेका द्यायला लागली, आत्यानं डोळे वटारले, आणि तो हसून म्हणाला, "दुखवटा संपू दे, मग बघ." मला आशा वाटायला लागली होती.

मग एका सकाळी त्याचा पलंग रिकामा होता. पापांनी ऊएल्वा, काडीझ, मालागा ही शहरं पालथी घातली. बसस्थानकं, बंदरं, पुलांखालच्या जागा. प्रत्येक वेळी धुळीनं भरून परत यायचे, जेवायचे आणि पुन्हा निघायचे. शरद ऋतू लागता लागता ऊएल्वाजवळच्या एका ओसाड घरात तो सापडला. गेलेला. पापांनीच त्याला ओळखलं.

दफनाच्या दिवशी, सगळी माणसं निघून गेल्यावर, आत्या पापांसमोर उभी राहिली.

"तुझ्या अभिमानानं मारलं त्याला," ती म्हणाली. "मुलगी तयार होती. स्वतःच्या तोंडानं हो म्हणाली होती. पोरगा आज घोडे राखत असता. आणि तू त्याच्या बदल्यात एक नाच दिलास. नाच!"

दुसऱ्या दिवशी आत्या तिच्या दिराकडे राहायला गेली आणि मरेपर्यंत आमच्या घरात आली नाही. ताफा पुन्हा उभा राहिला नाही. पापांनी त्यानंतर कधी पाय उचलला नाही. घरी नाही आणि लग्नातही नाही. लोक म्हणत, मुलाच्या दुःखानं नाच सुटला. काहीजण म्हणत, बायकोचा दुखवटा मोडला त्याची शिक्षा. मी वसाहतीतल्या मुलींना शिकवायला लागले. पुढे माझ्या मनानं लग्न केलं, एका विजेची कामं करणाऱ्या माणसाशी, जो हितानो नव्हता. मी भीत भीत पापांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तुला आवडतो ना?"

आत्याचं वाक्य मात्र माझ्यात रुतून राहिलं होतं. कारण मीही तेच मानायला लागले होते. पापांनी त्या दिवशी स्वतःचा मान जपला, असं. होआकिनच्या घरात मुलगी देण्यापेक्षा नाचून मोकळं होणं त्यांना सोपं वाटलं, असं. मी त्यांची सेवा केली, त्यांच्याशी हसलेबोलले, पण हा खडा आतमध्ये तसाच होता.

ते थकले तेव्हा मी त्यांना माझ्याकडे आणलं. शेवटच्या उन्हाळ्यात ते दुपारी गॅलरीत पडून असत. एकदा मी शेजारी बसून शेंगा सोलत होते. खाली कुणीतरी पोरं टाळ्या वाजवत होती. मला राहवलं नाही.

"पापा, होआकिनकाकाच्या अंगणात तुम्ही का नाचलात?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. मला वाटलं झोपलेत.

"त्यानं टाळ्या द्याव्यात म्हणून," ते म्हणाले. "चार माणसांत टाळ्या दिल्या म्हणजे बदल्यात नाच घेतला. मग त्याला तुला पुन्हा मागता आलं नसतं. आज नाही, उद्या नाही. नाहीतर तो अडून बसला असता आणि मी आज ना उद्या वाकलो असतो. माझी मला खात्री नव्हती."

मी शेंग हातात तशीच धरून बसले.

"पण एका नाचावर होआकिन त्याला शेतावर नेणार नव्हता."

"नव्हताच."

"ते तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"कोट काढतानाच."

खालच्या टाळ्या थांबल्या. मला एकदम तो नाच दिसला. छातीशी येणारे आणि हळूहळू उघडणारे हात. बाप्तिस्म्याच्या अंगणात नाचलेली सेगिरिया.

"मला वाटायचं तुम्ही आईसाठी नाचलात," मी म्हटलं.

"तुझ्या आईचा तर मी दुखवटा मोडला."

मग कुणासाठी, हे मी विचारलं नाही. तो तेव्हा जिवंत होता. रजई पांघरून पायरीवर आमची वाट बघत होता. आणि त्याचा बाप त्याला निरोप देऊन घरी आला होता आणि जेवलास का म्हणून विचारत होता.

"मी हो म्हटलं होतं, पापा," मी म्हटलं. "कुणी जबरदस्ती केली नव्हती. मी माझ्या मनानं हो म्हटलं होतं."

"ऐकलं ना मी," ते म्हणाले. "तू नाही म्हणाली असतीस, तर कदाचित रागावून दिलंही असतं तुला. पण तू हो म्हणालीस."

त्यांनी हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं. त्या हातात आता जोर राहिला नव्हता.

आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. त्याला तिथं त्रास होतो म्हणतात. दफनाच्या दिवसापासून आमच्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं, पापांनी तर नाहीच. त्या दुपारी ते भिंतीकडे वळले आणि आधी हळू, मग पुन्हा, मग शेजारच्या गॅलरीतली बाई डोकावून बघेल इतक्या मोठ्यानं ते हाक मारत राहिले, "एलियास. एलियास."